बाटलीवर नाव साहेबांचं, बुडाला कोण?

देहूत राहून वाइनवर पोस्ट? काहींना खटकेल. पण विषय पिण्याचा नाही, पैशाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

सध्या उद्योजकांच्या यशोगाथांचा पूर आलाय. आयर्लंडच्या जॉन टीलिंग यांचीच घ्या. १९८७ मध्ये त्यांनी बटाट्यापासून अल्कोहोल काढणारा जुना सरकारी कारखाना घेतला, तिथे व्हिस्की सुरू केली आणि २०११ च्या शेवटी अमेरिकेच्या बीम कंपनीशी विक्रीचा सौदा केला. माणूस जिद्दीचाच.

पण असं धाडस आपल्या पुणे जिल्ह्यातही झालंय. चाकणचं ट्रॅफिक पार करून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगाव लागतं. तिथे १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन बनवायला घेतली. पायपर-हायड्सिक या फ्रेंच कंपनीचं तांत्रिक सहकार्य आणि द्राक्षं आपल्या मातीतली. 'ओमर खय्याम' नावाने ती वाइन परदेशात गेली. भारतात वाइन कोण पितो, असं लोक विचारत होते तेव्हाची ही गोष्ट. या माणसाला सलाम करायलाच हवा.

पुढे कंपनी वाढली. ऑस्ट्रेलियात वायनरी घेतल्या, इंग्लंडमध्ये वितरण कंपनी घेतली. २००८ ला जगभर मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. कर्ज मात्र थांबत नाही. देणी थकली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी अवसायनात काढण्यापर्यंत गेलं.

आता मुद्द्यावर येतो. कंपनी बुडाली की रांग लागते. तारण घेतलेल्या बँका आणि कामगार पुढे, आणि उधारीवर माल दिलेला माणूस पार मागे. वाइनच्या द्राक्षाचा शेतकरी याच मागच्या रांगेत. त्यात त्याचं दुखणं वेगळं. हे द्राक्ष बारीक, बियांचं. वायनरीने उचललं नाही तर बाजारात कोणी खायला घेत नाही. मंदीच्या त्या काळात नाशिककडे कित्येकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली, ती उगाच नाही.

उसाला निदान कागदावर १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला ४५ दिवसांचा कायदा आहे. तोही किती पाळतात ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको, पण भांडायला कागद तरी आहे. वाइनच्या द्राक्षाला तसा मुदतीचा स्पष्ट कायदा का नाही?

सरकारने २००१ च्या धोरणात वायनरींना करसवलती दिल्या. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय आला, तेव्हाही नाव शेतकऱ्याचंच घेतलं. मग सवलतीबरोबर अट घाला ना! हंगामाआधी लेखी करार, खरेदीच्या रकमेची बँक हमी आणि ठराविक दिवसांत पैसे. नाही दिले तर सवलत बंद. एवढं साधं आहे.

काही जण म्हणतील, अशाने नवा उद्योजक धाडस करणार नाही. अहो, धाडस जरूर करावं, पण स्वतःच्या जिवावर. दुसऱ्याच्या बागेच्या जिवावर केलं तर त्याला उधारी म्हणतात.

आपल्या तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली, स्वतःच्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांनी स्वतःचं येणं सोडलं. आपल्याकडे कंपनी बुडते तेव्हा बुडतं ते शेतकऱ्याचं येणं, आणि ते सोडायचं का हे त्याला कोणी विचारतही नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेडकडे पाहुणे असतील तर त्यांना पाठवा. पटलं नसेल तर खाली बिनधास्त लिहा, फक्त भाषा जपून.

रामकृष्ण हरी 🙏