मुदत कायद्याची आणि मुदत रोगाची

खारपाण पट्ट्यातल्या संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाचे रुग्ण नवे नाहीत. आजार वर्षानुवर्षे आत वाढतो. डायलिसिसची वेळ येते, तेव्हा तो नेमका कशाने झाला, हे कागदावर सिद्ध करणे कठीण होऊन बसते. अणुदुर्घटनेच्या भरपाईचा कायदा याच जागी अडखळतो.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराने भरपाई मागण्यासाठी दुर्घटनेपासून १० वर्षांची मुदत दिली. १९९७ च्या दुरुस्तीने मृत्यू व शारीरिक हानीसाठी ती ३० वर्षे केली. भारताच्या २०१० च्या कायद्याने मालमत्तेसाठी १० आणि शारीरिक हानीसाठी २० वर्षे ठरवली. अणुभट्टी चालवणाऱ्याचे दायित्व १,५०० कोटी रुपयांवर थांबवले. या कायद्यांची जमेची बाजू अशी की, चालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पण आजार किरणोत्सारामुळेच झाला, हे रुग्णाला दाखवावे लागते.

इथेच वैद्यकशास्त्र आणि कायदा यांची फारकत होते. चेर्नोबिलच्या १९८६ च्या स्फोटानंतर किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेले. थायरॉईडचा कर्करोग चार-पाच वर्षांनी वाढू लागला. हिरोशिमात रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला. पोट, फुप्फुस, स्तन यांच्या कर्करोगाचा वाढीव धोका मात्र पन्नास वर्षांनंतरही दिसत राहिला. शिवाय, किरणोत्साराने झालेल्या गाठीवर तसा शिक्का नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती इतर गाठींसारखीच दिसते.

मग पुरावा आणायचा कुठून? तो दुर्घटनेच्या आधीच तयार ठेवावा लागतो. तारापूरची वीजनिर्मिती १९६९ पासून सुरू आहे. जैतापूरचा प्रकल्प प्रस्तावित आहे. अशा ठिकाणी भोवतालच्या गावांची कर्करोग नोंदवही, थायरॉईडची मूळ तपासणी आणि किरणोत्साराची मोजमापे सरकारने स्वतंत्र संस्थेकडून ठेवून घ्यावीत आणि ती लोकांना खुली असावीत. जपानमध्ये अणुकामगाराला ठरावीक मात्रेची नोंद असेल, तर रक्ताच्या कर्करोगासाठी भरपाई मिळते. फुकुशिमात काम केलेल्या कामगाराला २०१५ मध्ये ती मिळाली, कारण त्याच्या मात्रेची नोंद होती. गावकऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला नसतो.

भरपाईची रक्कम किती, पुरवठादार किती जबाबदार, यावर संसदेत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण नोंदच नसेल, तर मोठ्यात मोठी रक्कमही रुग्णापर्यंत पोचणार नाही. अणुऊर्जेचे कायदे यापुढेही बदलतील. त्यात मुदतीची वर्षे ठरवताना वकिलांबरोबर कर्करोगतज्ज्ञांनाही विचारले पाहिजे.