'माझे क्रीडा-जीवन' कोणत्या कपाटात ठेवायचे?

आत्मचरित्राचा पेपर शिकवताना दलित आत्मकथनांचा आरंभ आपण सहसा १९७८ च्या 'बलुतं'पासून धरतो. मग सोनकांबळे, लक्ष्मण माने, शंकरराव खरात आणि आमच्याच जिल्ह्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. हा क्रम विद्यार्थ्यांना पाठ असतो आणि परीक्षकांच्या सोयीचाही असतो. मात्र 'बलुतं'च्या तीस वर्षे आधी, १९४८ साली, चर्मकार समाजातल्या एका क्रिकेटपटूने मराठीत आत्मचरित्र लिहिले होते. पुस्तकाचे नाव 'माझे क्रीडा-जीवन', लेखक पी. विठ्ठल. (हे नाव उच्चारले की विद्यार्थ्यांना आजचे कवी-समीक्षक आठवतात. हे विठ्ठल म्हणजे पालवणकर.) आपल्यापैकी अनेकांना या पुस्तकाचा पत्ता लागला तो रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या इंग्रजी ग्रंथातून. मराठीच्या अध्यापकांना ही गोष्ट थोडी तरी बोचायला हवी.

विठ्ठल यांच्याआधी त्यांचे थोरले बंधू बाळू. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टी राखण्याच्या नोकरीपासून सुरुवात करून ते १९११ च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत पोचले आणि तिथे त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व त्यांच्या भावांहून कनिष्ठ असलेल्या दि. ब. देवधरांकडे दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी जाहीर निवेदन देऊन खेळण्यास नकार दिला. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. कर्णधार पै मुद्दाम मैदानाबाहेर राहिले, तेवढ्या वेळापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. सुधारणावादाची आपल्याकडची तऱ्हा या एका प्रसंगात पुरती दिसते: अधिकार द्यायचा, पण कागदावर नाही.

कागदावरचे कर्णधारपद विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाने युरोपीयांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. चार वर्षांच्या त्यांच्या नेतृत्वात संघाने तीनदा विजेतेपद मिळवले. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. आणि १९२७ मध्ये त्या ठरावाच्या आधाराने चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांना महाडमध्ये मार खावा लागला. खांद्यावर घेतलेला माणूस आणि पाण्यापासून हाकललेला माणूस यांच्यात अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे.

याच दोन महायुद्धांमधल्या काळात व्हिएन्नात माथियास झिंडेलार हा फुटबॉलपटू गाजत होता. अंगाने इतका सडपातळ की लोक त्याला 'कागदी माणूस' म्हणत. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर झालेल्या सामन्यात त्याने जर्मन संघाविरुद्ध गोल केला, पुढे जर्मनीकडून तो खेळला नाही आणि जानेवारी १९३९ मध्ये खोलीतल्या विषारी वायूने मेला. फ्रीडरिख टोरबर्ग या लेखकाने त्याच्या मृत्यूवर कविता लिहिली. एका खेळाडूला साहित्याने आपलेसे केल्याचे हे उत्तम उदाहरण. परंतु नात्सी राजवटीत ज्यू मालकाला सोडावे लागलेले कॅफे झिंडेलारने घेतले होते, ही बाब त्या दंतकथेत बसत नाही, म्हणून ती बराच काळ बाजूला राहिली.

पालवणकरांच्या बाबतीतही न बसणारी बाब आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू पालवणकर काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. मला वाटते, या घराण्याच्या वाङ्मयीन विस्मरणाचे एक कारण इथे आहे. आंबेडकरी प्रेरणेच्या साहित्यपरंपरेत त्यांना बसवणे अवघड जाते. हिंदू ऐक्याच्या कथेत ते बसतात, पण तिथेही १९२० चे निवेदन अडचणीचे ठरते. शिवाय क्रीडाविषयक पुस्तक म्हटले की आपली समीक्षा ते 'ललितेतर' म्हणून आधीच बाहेर ठेवते.

म्हणून या पुस्तकाला 'पहिले दलित आत्मकथन' अशी पाटी लावण्याची घाई मला मान्य नाही. विठ्ठल यांनी आपल्या जीवनाला 'क्रीडा' हे विशेषण स्वतः निवडले. पुढे आत्मकथनकारांनी बलुतं, उपरा, अक्करमाशी अशी समाजाने दिलेली नावे शीर्षकात आणून समाजावरच उलटवली. विठ्ठल यांनी समाजाने न दिलेले, कमावलेले नाव घेतले. या दोन निवडींमधला फरक हा एम.ए.च्या वर्गात चर्चेचा विषय व्हावा. त्यासाठी 'बलुतं'च्या शेजारी हे पुस्तक लावावे लागेल. आमच्या ग्रंथालयात ते नाही. ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी निदान छायाप्रत उपलब्ध करून द्यावी. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला विषय सुचवायला मी तयार आहे.