हॅम रेडिओचा घात होतो तो जोडात आणि अर्थिंगमध्ये

डहाणू रोड : नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी, हळदपाडा परिसरातल्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. धक्का बसला की सगळेच एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. टॉवरची वीज गेली तर बॅटरी चालेल तेवढीच रेंज. म्हणून पर्याय म्हणून हौशी वायरलेस, म्हणजेच हॅम रेडिओचा विषय निघतो.

विषय बरोबरच आहे. २००१ च्या भुज भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम केंद्र चालवत होत्या. अंदमानातल्या लोकांची खुशाली त्यांच्या केंद्रावरून बाहेर कळली. सरकारी परीक्षा देऊन वयाच्या बाराव्या वर्षापासून हा परवाना मिळू शकतो.

पण नुसता संच घेऊन भागत नाही. संच बहुतेक वेळा बिघडतो तो वरच्या तारेमुळे आणि दोन बोटांएवढ्या जोडामुळे.

वीज थेट अंगावर पडली तरच नुकसान होतं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. उंच बांधलेल्या अँटेनाच्या तारेवर कोरडा वारा, धूळ आणि वरून जाणारे ढग यांमुळेही विजेचा भार साठतो. त्याला जमिनीत जायला वाट नसेल तर तो केबलमधून संचात उतरतो आणि आतले नाजूक भाग जाळतो. उपाय म्हणजे अँटेना आणि अर्थिंग यांच्यामध्ये जास्त ओहमचा रेझिस्टर लावायचा, केबल घरात शिरते तिथे अरेस्टर बसवायचा. अर्थिंगचं महत्त्व मोटारपंपवाल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, मग खड्ड्यात पाणी घालावंच लागतं. अरेस्टरचं आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं.

दुसरा शत्रू खारा वारा. बोर्डी, झाई, चिंचणीकडे लोखंड किती लवकर गंजतं ते सगळ्यांना माहीत आहे. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ जोडात कच्चं सोल्डर असेल किंवा पावसाचं पाणी शिरलं, तर आतली जाळी काळी-हिरवी पडते. मग बोलताना पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर न जाता मागे फिरते. संच तापतो, शेवटी ट्रान्झिस्टर जातो. म्हणून जोडावर एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. एसडब्ल्यूआर मीटर दर महिन्याला बघावा. आकडा वाढला तर बोलणं थांबवून आधी जोड उघडावा.

खरी अडचण पुढे आहे. गडगडाट सुरू होण्याआधीच केबल संचातून काढून टोक घराबाहेर ठेवावं लागतं. थेट पडणाऱ्या विजेपुढे कुठलाही अरेस्टर खात्रीचा नाही. पण संपर्काची गरज नेमकी वादळातच लागते. त्यासाठी बॅटरीवरचा छोटा हातातला संच वेगळा ठेवायला हवा. त्याचा पल्ला कमी, तरी जवळच्या माणसापर्यंत निरोप जातो. वादळ ओसरल्यावर मोठी अँटेना पुन्हा जोडायची. ती जोडल्याशिवाय बटण दाबून बोलायचं नाही, नाहीतर संच तिथेच जळू शकतो.

म्हणून एखाद्या शाळेने, ग्रामपंचायतीने किंवा तरुणांच्या मंडळाने संच घ्यायचं ठरवलं, तर सगळे पैसे संचात घालू नयेत. चांगली केबल, जोड, अर्थिंग आणि अरेस्टर यांचा हिशेब आधी करावा. मृग लागण्याआधी छपरावर चढून जोड कोण तपासणार, हेही आधीच ठरवावं. ते ठरलं नाही, तर संच कपाटात राहील आणि धक्का बसेल त्या रात्री गाव पुन्हा मोबाईलची रेंजच शोधत बसेल.