माकडाला ‘नाही’ म्हणता येतं का?

फ्रॉक घातलेलं माकडाचं पिल्लू बाटलीने दूध पितंय, मागे ट्रेंडिंग गाणं वाजतंय आणि खाली ‘सो क्यूट’, ‘मलाही हवंय’ अशा कमेंट्सची रांग. असं एखादं रील तुमच्या फीडवर कधीतरी येऊन गेलंच असेल. आता एक बातमी आठवा. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून गिबनची पिल्लं बाहेर काढली होती. ‘मलाही हवंय’ म्हणणाऱ्यांसाठीच हा माल येत असतो, हे वेगळं सांगायला नको.

तस्कर पकडला गेला की बातमी संपते. पिल्लाचं पुढे काय होतं? आईपासून तोडलेलं पिल्लू उचलून जंगलात सोडता येत नाही. त्याचं उरलेलं आयुष्य बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या पिंजऱ्यात जातं. आणि ते आयुष्य छोटं नसतं. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातली रिटा ही चिंपांझी २०१९ मध्ये गेली, तेव्हा ती ५९ वर्षांची होती. म्हणजे ‘पिंजरा असावा की नसावा’ हा वाद आपण कितीही रंगवला, तरी आज जे प्राणी आत आहेत त्यांचा प्रश्न साधा आहे: दिवसभर करायचं काय?

रिकामा दिवस

जंगलातल्या माकडाचं वेळापत्रक तुमच्या-माझ्यापेक्षा भरगच्च असतं. जागेपणीचा मोठा वेळ अन्न शोधण्यात जातो. फळ कुठे पिकलंय हे लक्षात ठेवायचं, शेंग सोलायची, साल उचकटून किडे काढायचे, मध्येच कुणाच्या उवा वेचायच्या, कुणाशी भांडायचं, कुणाची समजूत काढायची. पिंजऱ्यात हे सगळं एका थाळीवर येतं. कापलेली फळं, भिजवलेले हरभरे, दहा मिनिटांत जेवण खतम. उरलेला दिवस भिंतीकडे बघत.

मग तेच ते सुरू होतं. एका जागी डुलत राहणं, ठरावीक रेषेत येरझाऱ्या, स्वतःचे केस उपटणं, कधी स्वतःलाच चावणं. बाहेर उभे राहून आपण म्हणतो, ‘बघ, नाचतोय!’ तो नाचत नसतो.

हे शास्त्रज्ञांना आज कळलेलं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी ऱ्हिसस माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिल्लं बिलगायची कापडाच्या आईला. हे प्रयोग क्रूर होते आणि त्यावर आजही टीका होते. पण पोट भरलं म्हणजे माकडाचं भागत नाही, हे त्यांतून कायमचं सिद्ध झालं. १९८५ मध्ये अमेरिकेने प्राणी कल्याण कायद्यात दुरुस्ती करून प्रयोगशाळांतल्या माकडांच्या मानसिक स्वास्थ्याचाही विचार बंधनकारक केला.

टायर टांगला, काम झालं?

या विचारातून पुढे आलेला शब्द म्हणजे ‘एन्रिचमेंट’. सोप्या भाषेत, प्राण्याच्या जगण्यात करण्यासारखं काहीतरी परत आणणं. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ बऱ्याचदा टायर टांगणं एवढाच घेतला जातो. पहिल्या दिवशी माकड टायरवर झोके घेतं, फोटो निघतो. आठवड्याने तो टायर त्याच्यासाठी भिंतीसारखाच होतो.

खरं काम स्वस्त असतं, पण रोजचं असतं. तेच हरभरे थाळीत देण्याऐवजी पालापाचोळ्यात पसरून टाका, शोधण्यात तास जातो. बांबूला भोकं पाडून आत दाणे भरा, बोटं आणि डोकं दोन्ही कामाला लागतात. असे बांबू एकापेक्षा जास्त हवेत, नाहीतर दादागिरी करणारा नर सगळं बळकावतो आणि भांडणं वाढतात. गंमत म्हणजे, शेजारी फुकटचं अन्न ठेवलेलं असतानाही उंदरांपासून माकडांपर्यंत अनेक प्राणी खटपट करून मिळणारं अन्नही निवडतात, हे १९६०च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसलंय.

आणि सगळ्यात मोठं एन्रिचमेंट म्हणजे सोबत. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा गोरिला होता, भारतातला एकमेव. शेवटची अनेक वर्षं एकट्याने काढून तो २०१४ मध्ये गेला. २०२१ मध्ये तिथे जर्मनीहून पुन्हा गोरिले आले, तेव्हा थाबो आणि डेम्बा असे दोघे आले. कुठलंही खेळणं दुसऱ्या गोरिलाची जागा घेऊ शकत नाही.

ट्रेनिंग: मदारीचं आणि डॉक्टरचं

‘माकडाला ट्रेनिंग’ म्हटलं की आपल्याला डमरू, गळ्यातली दोरी आणि काठी आठवते. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून माकडांसह अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि दाखवण्यावर बंदी घातली. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. त्या खेळावर पोट असलेल्या कुटुंबांचं पुढे काय, हा प्रश्नही खराच आहे. पण माकडाच्या बाजूने निर्णय योग्यच होता.

आता दुसरं ट्रेनिंग बघा. माकडाला इंजेक्शन द्यायची जुनी पद्धत म्हणजे पिंजऱ्याची मागची भिंत पुढे ओढून त्याला जाळीशी दाबून धरायचं. नवी पद्धत वेळखाऊ आहे. काठीच्या टोकाला हात लावला की शेंगदाणा. दंड जाळीजवळ आणला की शेंगदाणा. मग सुई नसलेली सिरिंज टेकवायची, पुन्हा शेंगदाणा. काही आठवड्यांनी माकड स्वतःहून दंड पुढे करतं. नको असेल तर उठून जातं आणि त्याबद्दल कुणी मारत नाही, उपाशीही ठेवत नाही. अमेरिकेतल्या काही प्राणिसंग्रहालयांत गोरिले जाळीला छाती लावून थांबतात आणि भूल न देता त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी होते. कैदेतल्या नर गोरिलांमध्ये हृदयविकार हे मृत्यूचं मोठं कारण असल्यामुळे ही तपासणी जीव वाचवणारी ठरते.

मदारीही शिकवतो, डॉक्टरही शिकवतो. दोघांतला फरक ओळखायचा असेल तर एवढंच विचारा: माकडाला ‘नाही’ म्हणता येतं का?

हा प्रश्न प्रयोगशाळेत सगळ्यात अवघड होतो. २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीत २० ऱ्हिसस माकडांवर कोव्हॅक्सिनची चाचणी झाली. तुमच्यातल्या अनेकांच्या दंडात ती लस गेलीय. चाचणीला माकडं ‘नाही’ म्हणू शकत नव्हती. मग निदान रोजच्या हाताळणीत, खाण्यात, सोबतीत जेवढी निवड देता येईल तेवढी देणं हे आपलं देणं लागतं. यात विज्ञानाचाही फायदा आहे, कारण घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि निष्कर्ष गढूळ होऊ शकतात. जपानच्या क्योटो विद्यापीठात तर आयुमू या चिंपांझीच्या स्मरणशक्तीच्या गाजलेल्या चाचण्या तो स्वतःहून खोलीत आल्यावरच व्हायच्या.

मग आपण काय करायचं?

भारतात १९९२ पासून सेंट्रल झू अथॉरिटी आहे, नियमही आहेत. पण हरभरे पाचोळ्यात पसरायचे की थाळीत ओतायचे, हे ठरतं किपरच्या सकाळच्या अर्ध्या तासात. एकाच माणसाच्या हाताखाली डझनभर पिंजरे असतील तर थाळीच जिंकणार. म्हणून नवा प्राणी आणल्याची घोषणा झाली की ‘कितीला आणला’ याच्याबरोबर ‘त्याच्यासाठी किपर किती’ हेही विचारायला हवं.

पुढच्या वेळी प्राणिसंग्रहालयात गेलात तर एका पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं थांबा. माकड काय करतंय, एकटं आहे का, डुलतंय का, हे नीट बघा. खटकलं तर व्यवस्थापनाला लेखी कळवा. जाळी वाजवू नका, वेफर्स टाकू नका. तसं करणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

आणि ते फ्रॉकवालं रील? लाइक करू नका, ‘बघा किती वाईट’ म्हणून शेअरही करू नका. अल्गोरिदमला तुमचा राग आणि तुमचं प्रेम सारखंच दिसतं. रिपोर्ट करा आणि पुढे जा. त्या पिल्लाला पुढे जाता येत नाही, तुम्हाला येतं.