विसरण्याचा हुकूम

योको ओगावांच्या ‘द मेमरी पोलीस’मधल्या बेटावर एकेक गोष्ट नाहीशी होत जाते: रिबिनी, अत्तर, पक्षी. गुलाब जातात त्या दिवशी नदी पाकळ्यांनी भरून वाहते; लोक जपून वाढवलेली फुलं स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडतात. ज्यांना विसरता येत नाही, त्यांना पोलीस उचलून नेतात. म्हणून कादंबरीकार नायिका आपल्या संपादकाला घरातच चोरखोलीत लपवते. ॲन फ्रँकच्या डायरीचं ओगावांवरचं ऋण इथे स्पष्ट दिसतं. १९९१ मध्ये अकुतागावा पुरस्कार, १९९४ मध्ये ही कादंबरी, इंग्रजी अनुवाद मात्र थेट २०१९ मध्ये! पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली. आवाज न चढवता इतकी भीती उभी करणारं लेखन मी क्वचितच वाचलं आहे. ऐंशी मिनिटांची स्मृती उरलेल्या गणितज्ञावरची त्यांची कादंबरी आवडली असेल, तर हीही जरूर वाचा.