तळाशी उरलेल्या ग्लिसरीनचे काय करावे?

तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. कचोरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात असे तेल दुर्मीळ नसावे. तिथल्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने त्याचे बायोडिझेल घरी करायचे ठरवले, तर पिंपाच्या तळाशी काकवीसारखा तपकिरी थर साचेल. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन निघते. ते वापरावे की टाकावे?

वापरावे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. या थरात साबण आधीच तयार असतो. थोडे पाणी आणि कॉस्टिक घालून ट्रॅक्टरच्या ग्रीसने माखलेले हात धुण्याजोगा साबण होतो. घरच्या इंधनाचा खर्च अशाच जोडवस्तूंनी भरून निघतो, हे म्हणणे खोटे नाही.

मात्र त्याच थरात मिथेनॉलही असते. शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल घालतात. त्यातले साठेक टक्केच खर्ची पडते आणि उरलेले बहुतांशी ग्लिसरीनमध्ये उतरते. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने दगावली, ती मिथेनॉलनेच. ते उडवण्यासाठी चुलीवर पातेले ठेवणे हा तर आगीला आवतण देण्याचा प्रकार. साबण करणारे सांगतात की मोकळ्या हवेत, जाळापासून दूर, सावकाश काम केले तर धोका आटोक्यात राहतो. असेलही, पण घरात लहान मुले असताना हा भरवसा मला पुरेसा वाटत नाही.

दुसरीकडे, शेणाबरोबर खतात किंवा गोबरगॅसमध्ये ग्लिसरीन जिरवण्याचा मार्ग आहे. संयंत्रातले जिवाणू ग्लिसरीन पचवतात, थोडे मिथेनॉलही पचवतात, आणि गॅस वाढतो. तथापि हात सैल सोडला की टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. शिवाय बायोडिझेल करताना कॉस्टिक सोडा वापरला असेल, तर त्यातले सोडियम शेवटी स्लरीतून शेतातच जाते. संग्रामपूर तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. चोपण जमीन म्हणजे काय, पाणी मुरत नाही म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याने ते दुखणे ओढवून घेण्याचे कारण नाही.

म्हणून माझा कल गोबरगॅसकडे आहे, पण दोन अटींवर. सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरावे, म्हणजे उरते ते पिकाला चालणारे पालाश. आणि मात्रा रोज शेणाच्या शेकडा एक भागाच्या आतच ठेवावी. पोटॅशियम हायड्रॉक्साइड महाग पडते आणि लागतेही जास्त. तो खर्च धरूनही लिटरमागचा हिशेब जमत असेल, तरच पिंप आणावे.