आरोग्याच्या गप्पा : “नुसता पडून तरी राहा!”



दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका ताईंनी मला हळूच बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा अमेरिकन सैन्यात होता, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेला. “घरी येऊन इतकी वर्षं झाली, पण रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. दोन वाजता उठून दारं-खिडक्या तपासत फिरतो. मी म्हणते, झोप नाही तर नाही, नुसता पडून तरी राहा! गोळ्या त्याला नको झाल्यात. दुसरं काही नाही का हो?”

आहे. आणि त्यात पहिल्यांदा सोडायचा तो आपला हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सल्ला!

युद्धभूमीवर अर्धवट जागं राहणारा वाचतो. शरीर ती सवय घरी आल्यावरही सोडत नाही. मग तासन्‌तास तळमळून अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, असंच मेंदू शिकतो. हे शिकणं पुसणाऱ्या उपचाराला ‘सीबीटी-आय’ म्हणतात. जुनाट निद्रानाशावर आधी हा उपचार, गोळ्या नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. माजी सैनिकांसाठी असलेल्या व्हीए खात्याने आपल्या थेरपिस्टांना याचं खास शिक्षण दिलेलं आहे. साधारण सहा ते आठ भेटी लागतात.

पद्धत ऐकायला उलटी वाटेल. आधी एक-दोन आठवडे झोपेची डायरी लिहायची. समजा, अंथरुणात नऊ तास आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच. मग अंथरूणही साडेपाचच तास : रात्री साडेबारा ते सकाळी सहा. रविवारीसुद्धा सहालाच उठायचं, दुपारची वामकुक्षी बंद. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचायचं. (आपल्या मंडळाचा जमाखर्च चालेल!) अंथरुणातला ८५-९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे कठीण जातात, गाडी जपून चालवावी. फिट्स किंवा बायपोलर आजार असेल तर हे मनाने करू नये, आणि चालू गोळ्याही एकदम बंद करू नयेत.

वाईट स्वप्नांसाठी वेगळी युक्ती आहे. दिवसाउजेडी ते स्वप्न लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि नवं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल, तर आधी स्लीप ॲप्नियाची तपासणी. माजी सैनिकांत तो बराच आढळतो, तरुणांतही. रात्रभर प्राणवायू कमी पडला तर मेंदूचं नुकसान होतं, आणि दोष मात्र युद्धाच्या आठवणींना दिला जातो. “झोपण्यापुरता एक पेग” घेणाऱ्यांचा श्वास तर जास्तच अडकतो.

झोपेत मेंदूची ‘साफसफाई’ होते, असं २०१३ मध्ये रोचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. त्यावर अजून वाद आहेत. पण अपुऱ्या झोपेने स्मरण, लक्ष आणि राग आवरण्याची ताकद घटते, यात वाद नाही. डोक्याला स्फोटाचा धक्का बसलेल्याला तर हे जास्तच जाणवतं.

घरच्यांनी एक करावं : तो झोपेत ओरडला तर हलवून उठवू नये, दारातून नावाने हाक मारावी. जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर त्याच क्षणी ९८८ फिरवून १ दाबावा.

परवा ताईंचा फोन आला. मुलगा व्हीएमध्ये जाऊ लागलाय. पहिल्या आठवड्यात चिडचिड फार. “साडेबारापर्यंत त्याला जागं ठेवायला मीच बसते. भिकार-सावकार खेळतो आम्ही,” म्हणाल्या. “काल मला पेंग आली, तर म्हणतो कसा, आई, तू जा, नुसती पडून तरी राहा!”